वडील गेले, कर्ज मागे राहिलं: वारसाने किती फेडायचं, काय फेडायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा: परभणी जिल्ह्यातल्या एका गावात वडील वारले. मागे आई, पुण्यात नोकरी करणारा मुलगा आणि लग्न झालेली मुलगी. वडिलांच्या नावे विकास सोसायटीचं पीककर्ज आहे, ट्रॅक्टरवर फायनान्स आहे, मोंढ्यातल्या आडत्याची उचल आहे आणि गावातल्या एकाकडून व्याजाने घेतलेले पैसे आहेत. त्या पैशांपोटी एक एकराचं खरेदीखत करून दिलेलं दिसतं. दहाव्यालाच घेणेकऱ्यांपैकी दोघं दारात येऊन बसले आणि आता 'वडिलांचं कर्ज मी फेडीन' असं मुलाकडून बॉण्डवर लिहून मागतायत. मुलगा विचारतो, सगळं मलाच फेडावं लागेल का, पगार कापतील का, बहिणीवरही येईल का?

पहिली गोष्ट, त्या बॉण्डवर सही करू नका. आईचा अंगठा किंवा सहीही घेऊ देऊ नका. 'कागदपत्रं बघतो, मग बोलू' एवढं सांगून माणसं परत पाठवा. असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि त्याने वडिलांच्या नावाला कसलाही बट्टा लागत नाही.

आता कायदा. वडिलांचं कर्ज त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेवर येतं, तुमच्या अंगावर येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० आणि ५२ नुसार मयताच्या वारसाकडून वसुली होते ती त्याच्या हाती आलेल्या मयताच्या मालमत्तेपुरती. समजा वडिलांच्या स्वतःच्या नावची जमीन आणि खात्यातली शिल्लक मिळून १८ लाख होतात आणि देणं २४ लाख आहे. आई, तुम्ही आणि बहीण या तिघांना सारखा वाटा, म्हणजे प्रत्येकी ६ लाख. प्रत्येकाची जबाबदारी त्या ६ लाखांपर्यंतच. वरचे ६ लाख सावकाराचे असोत की बँकेचे, ते बुडाले. तुमचा पगार, तुमच्या कमाईचा पुण्यातला फ्लॅट, तुमच्या बायकोचे दागिने यांना कोणी हात लावू शकत नाही.

'बापाचं कर्ज पोरानं फेडलंच पाहिजे' हे गावात आजही ऐकवलं जातं. जुन्या हिंदू कायद्यात मुलाचं ते धार्मिक कर्तव्य मानलं जायचंही. पण ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट तरतूद आहे: त्या तारखेनंतरच्या कर्जासाठी केवळ या धार्मिक कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्यावर वसुली लावता येत नाही. मुस्लिम कुटुंबात क्रम वेगळ्या शब्दांत येतो, पण निष्पत्ती तीच. आधी दफनविधीचा खर्च, मग मयताचं कर्ज, मग मृत्युपत्र असेल तर उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत ते, आणि मग वारसांचे हिस्से. तिथेही वारस आपल्याला मिळालेल्या वाट्यापुरताच देणेकरी.

जमीन वडिलोपार्जित असेल तर गुंता वाढतो. त्यात तुमचा आणि बहिणीचा जन्मापासूनचा स्वतंत्र हिस्सा आहे, तो वडिलांकडून आलेला नाही. पण वडिलांनी घराचे कर्ते म्हणून शेतीसाठी, आजारपणासाठी, लग्नासाठी म्हणजे घराच्या गरजेसाठी कर्ज घेतलं असेल, तर धनको, म्हणजे कर्ज देणारा, सगळ्या एकत्र जमिनीवर दावा सांगतो आणि कोर्ट तो बऱ्याचदा मान्य करतं. तरीही तो दावा एकत्र जमिनीपुरताच राहतो, तुमच्या स्वकमाईवर जात नाही.

मग बॉण्डवरच्या सहीने बिघडतं काय? तीन गोष्टी. हातउसने, वचनचिठ्ठी, उधारी यांवर दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदतीच्या आत देणं लेखी कबूल केलं किंवा काही रक्कम भरून तशी सही दिली की मुदत नव्याने सुरू होते. मुदत संपलेलं कर्जही 'मी फेडीन' असं लेखी दिलं तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार पुन्हा जिवंत होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, जे देणं मालमत्तेपुरतं होतं ते तुमचं स्वतःचं होतं. चेकचंही तसंच. वडिलांनी दिलेला चेक त्यांच्या पश्चात वटला नाही म्हणून वारसावर १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची फौजदारी केस होत नाही. तुम्ही स्वतःच्या खात्याचा चेक 'बदली' म्हणून दिलात, तर मात्र ती केस थेट तुमच्यावर होते. म्हणून बदली चेक, कोरा चेक, सही केलेला कोरा बॉण्ड यांतलं काहीही देऊ नका. पुढे काही द्यायचं ठरलंच, तर कागदावर 'वारस म्हणून, मयताच्या मालमत्तेपुरतं' हे शब्द आलेच पाहिजेत.

याला मोठा अपवाद तुमच्या जुन्या सहीचा आहे. ट्रॅक्टरच्या कर्जाला मुलाला सहकर्जदार किंवा जामीनदार करणं ही फायनान्सवाल्यांची नेहमीची पद्धत आहे, आणि पाच वर्षांपूर्वी शोरूममध्ये कुठे कुठे सही केली हे कोणाच्या लक्षात राहत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यात मालमत्तेपुरती वगैरे मर्यादा नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जात नवऱ्याची किंवा मुलाची सही असते. आई बचत गटाच्या कर्जात असेल तर गटाची जबाबदारी गटातल्या बायकांवर येते, सुनेवर नाही, जोवर सुनेने सही केलेली नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी कर्जाच्या कराराची प्रत लेखी मागा आणि आधी सह्यांचं पान बघा. स्वतःचा सिबिल रिपोर्टही काढा. वडिलांचं कर्ज त्यात दिसलं, तर तुम्ही कुठेतरी सहकर्जदार किंवा जामीनदार आहात.

त्यानंतर देण्याआधी येणं शोधा. दुःखाच्या दिवसांत लोक फक्त घेणेकऱ्यांची यादी करतात आणि हक्काचे पैसे मुदत संपून जातात. वडिलांची सगळी पासबुकं छापून घ्या आणि मे-जून महिन्यांच्या नोंदी नीट वाचा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर पंतप्रधान जीवन ज्योती विमा आहे, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. मात्र तो वयाच्या ५५ पर्यंतच चालतो. २० रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख, वयाच्या ७० पर्यंत. दोन्हींचा दावा त्याच बँक शाखेत, आणि तोही लवकर. ट्रॅक्टरच्या किंवा घराच्या कर्जात विम्याचा हप्ता बऱ्याचदा कर्जाच्या रकमेतच घालून घेतलेला असतो. कर्जाच्या वाटप-पत्रकात 'विमा' अशी ओळ असेल तर राहिलेलं कर्ज विमा कंपनीने भरायचं असतं, तुम्ही नाही. कर्ज देणारी संस्था हे आपणहून सांगेलच असं धरून चालू नका.

साप चावला, वीज पडली, शॉक लागला, विहिरीत पडले, रस्त्यावर अपघात झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख मिळतात. वय १० ते ७५, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल नसला की अर्ज अडतो. साप चावलेल्या माणसाचं शवविच्छेदन न करताच अंत्यविधी उरकतात आणि तिथेच हे पैसे जातात. कर्जापायी वडिलांनी जीव दिला असेल, तर ही योजना लागू होत नाही, पण शासनाची १ लाखाची मदत वेगळी आहे. तिचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत होतो आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असल्याचा पुरावा लागतो. अशा घरात कर्जाचे कागद चिडून किंवा दुःखात फाडले-जाळले जातात. ते जपून ठेवा.

विम्याचे आणि भविष्य निर्वाह निधीचे पैसे नॉमिनीला मिळाले तर ते घेणेकऱ्यांच्या जप्तीपासून सुरक्षित असतात. विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली आईच्या नावे काढलेली पॉलिसी तर वडिलांच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. कुटुंब निवृत्तिवेतनही जप्त होत नाही. साध्या हुकूमनाम्याच्या (कोर्टाच्या वसुलीच्या आदेशाच्या) अंमलबजावणीत शेतकऱ्याचं राहतं घर, शेतीची अवजारं, बैल, बियाणं, भांडीकुंडी, मंगळसूत्र हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने वाचतं. पण घरच गहाण असेल तर हे संरक्षण मिळत नाही. वडिलांचं एटीएम वापरून खात्यातले पैसे मात्र काढू नका. ते पैसे मालमत्तेचा भाग आहेत आणि पुढे त्यांचा हिशेब तुम्हाला द्यावा लागतो. पीएम किसानचा हप्ता मृत्यूनंतरही येत राहिला तर तोही परत करावा लागतो, म्हणून मृत्यूची नोंद लगेच कळवा.

आता एकेक कर्ज.

सोसायटीचं पीककर्ज. सातबाराच्या 'इतर हक्कात' बोजा असतो, तो वडिलांच्या मृत्यूने उतरत नाही. गटसचिवाकडून येणे बाकीचा उतारा घ्या, मुद्दल आणि व्याज वेगळं लिहून. वडिलांच्या नावचे शेअर्स किती, तेही विचारा, कारण ती रक्कम तुमची आहे. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत, म्हणजे साधारण ३१ मार्चपर्यंत, भरलं तर राज्यात व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की सवलत जाते. त्यामुळे मृत्यू दिवाळीच्या आसपास झाला असेल तर बाकी सगळं सोडून आधी मार्च बघा. इथे सचिव सुचवेल की तुमच्या नावे 'नवं-जुनं' करून टाकू. याचा अर्थ तुम्ही सभासद व्हाल, तुमच्या नावे नवं कर्ज निघेल आणि त्यातून जुनं फिटेल. जमीन राखायची आहे, कसायची आहे आणि कर्ज जमिनीच्या किमतीच्या मानाने थोडं आहे, तर हे खुशाल करा, फायद्याचं आहे. पण कर्ज मालमत्तेपेक्षा जास्त असेल तर नवं-जुनं करणं म्हणजे मालमत्तेपुरतं असलेलं देणं स्वतःच्या डोक्यावर घेणं. थकबाकी तशीच राहिली तर सोसायटी किंवा पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा आदेश, मागते. त्या सुनावणीची नोटीस आली की गैरहजर राहू नका. सहायक निबंधकापुढे लेखी म्हणणं द्या की आम्ही वारस आहोत, जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती आहे आणि खात्याचा तपशील हवा. दाखला निघाल्यावर फेरतपासणी अर्ज करायचा तर कलम १५४ नुसार ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते, म्हणून जे म्हणायचं ते सुनावणीतच म्हणा. 'जुनं कर्ज आहे, मुदत गेली' यावर सोसायटीच्या बाबतीत विसंबू नका. कलम ९१ खालच्या वादात सभासदाकडच्या येण्याची मुदत त्याच्या मृत्यूच्या तारखेपासून मोजतात.

कर्जमाफी आलीच तर यादीत नाव वडिलांचं असतं आणि आधार प्रमाणीकरण अडतं. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्तीत असे अनेक वारस अडकले. म्हणून मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं सोसायटीत आजच लेखी देऊन पोच घ्या.

ट्रॅक्टरचं सोपं आहे. तुमची सही नसेल आणि हप्ते झेपत नसतील तर ट्रॅक्टर परत द्या. पण देताना ताबा पावती घ्या. त्यावर तारीख, तास मीटरचं रीडिंग, टायरची अवस्था, सोबत दिलेलं रोटाव्हेटर किंवा ट्रॉली सगळं लिहून घ्या, फोटो काढा. विक्रीनंतर राहिलेली तूट मयताच्या मालमत्तेतूनच मागता येते. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर येऊ किंवा फोन करू शकत नाहीत. मायक्रोफायनान्ससाठी ही वेळ ९ ते ६ आहे.

आडत्याची उचल आणि कृषी केंद्राची उधारी. वहीतला खातेउतारा मागा आणि वडिलांनी घातलेल्या सोयाबीन-तुरीच्या काट्याच्या पावत्या समोर ठेवून जुळवा. विकलेल्या मालाची पट्टी खात्यात जमा धरलेली नसणं हाच इथला नेहमीचा घोळ. जी रक्कम खरी निघेल ती मालमत्तेतून द्या. वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे, बहुतेक आडते समजुतीने घेतात.

खरा जपून चालायचा भाग म्हणजे व्याजाचे पैसे आणि ते खरेदीखत. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. शेजाऱ्याने एकदा अडीनडीला हातउसने दिले, तो सावकार नाही. त्याचे पैसे शाबीत असतील तर द्यावेत. पण जो अनेकांना व्याजाने देतो त्याला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली परवाना लागतो. परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात कळतं. परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट हुकूमनामा देत नाही, उलट त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवाना असला तरी शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्के हीच मर्यादा आहे, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. गावात 'शेकडा पाच' म्हणजे महिन्याला पाच. १ लाखावर तीन वर्षांचं त्या दराने १ लाख ८० हजार व्याज होतं. १२ टक्क्यांनी तेच ३६ हजार.

खरेदीखत तारण म्हणून करून घेतलं असेल तर घाईने ताबा देऊ नका. दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची नक्कल आणि सूची दोन (नोंदलेल्या व्यवहारांची यादी, इंडेक्स २) काढा. दस्तातली किंमत आणि त्या वर्षाचा शासकीय दर पडताळा. वडीलच शेवटपर्यंत जमीन कसत होते का, ई-पीक पाहणी कोणाच्या नावे आहे, पीकविमा कोणी भरला, दर महिन्याला फोनपेवरून किंवा खात्यातून त्या माणसाला पैसे गेलेत का, हे जमवा. त्याच माणसाने गावात आणखी किती जणांची अशी खरेदीखतं करून घेतली, तीही सूचीत दिसतात, आणि हा पुरावा फार बोलका असतो. मग जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे याच सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली अर्ज करा. व्यवहार सावकारीतून झाला असं चौकशीत दिसलं तर ते दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश काढू शकतात. किती जुन्या व्यवहाराची चौकशी करता येते याला कायद्यात मर्यादा आहे, म्हणून आज-उद्या करू नका. दरम्यान फेरफाराची नोटीस आली की १५ दिवसांच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (तलाठ्याकडे) लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी हरकत म्हणजे हरकत नाहीच.

बीड, धाराशिव, जालना भागातल्या वाचकांसाठी एक सांगणं गरजेचं आहे. वडिलांनी मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतली आणि ते वारले, की 'उचल फिटेपर्यंत पोराने कोयत्यावर यावं' असं सांगितलं जातं. वारसाहक्काने आलेल्या देण्यापोटी कोणाला कामाला जुंपणं हे १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्याच्या व्याख्येतच बसतं. ते कर्ज कायद्याने संपतं आणि जुंपणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करा. शिकणाऱ्या पोराची शाळा सोडवून त्याला तोडीला पाठवायचं काहीही कारण नाही.

वारस फेरफार करून घेतला म्हणजे कर्ज स्वीकारलं, ही भीती खोटी आहे. तीन महिन्यांच्या आत ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून किंवा तलाठी सज्जावर अर्ज करा. बहिणीचं नाव लागणारच आणि तिची जबाबदारी तिच्या वाट्यापुरती. तिने काही न घेता नोंदणीकृत हक्कसोड केलं तर तिच्या हाती मालमत्ता आलीच नाही. पण एक सापळा लक्षात ठेवा. देणी भागवण्याआधी तुम्ही मिळालेली जमीन विकली आणि पैसे दुसरीकडे वापरले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५२ नुसार तेवढ्या रकमेपुरती वसुली तुमच्या स्वतःच्या मालमत्तेवर येते. जमीन विकावीच लागली तर खरेदीदाराकडून बोजाची रक्कम थेट सोसायटीच्या किंवा बँकेच्या खात्यात भरायला लावा आणि प्रत्येक देण्याची पावती फाईलला ठेवा.

बँकेशी एकरकमी तडजोड करताना आधी मंजुरीचं पत्र हातात घ्या, मग पैसे भरा, आणि तेही कर्जखात्यातच, कोणा अधिकाऱ्याच्या हातात नाही. भरल्यावर बेबाकी, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचं, प्रमाणपत्र घ्या. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जात गहाण ठेवलेले मूळ कागद बँकेने ३० दिवसांत परत द्यायचे असतात, तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. मग बोजा कमी करण्याचा फेरफार करून घ्या आणि नवा सातबारा काढून 'इतर हक्क' रिकामं झालंय का ते स्वतः बघा. पैसे फिटूनही बोजा तसाच राहिलेले सातबारे मराठवाड्यात गावोगाव आहेत, आणि ते पुढच्या पीककर्जाच्या वेळीच लक्षात येतात.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, म्हणजे आईच्या नावे अर्ज करता येतो. दूरध्वनी १५१००. जाताना मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, सगळी पासबुकं, मागितलेल्या कर्जकरारांच्या प्रती आणि दारात आलेल्या प्रत्येक माणसाने किती मागितले याचं तारखेसह टिपण घेऊन जा.